तिच्यासारखं गा

दुकानात एका वेळी दोनच गिऱ्हाइकं, आणि तीही आधी वेळ ठरवून, असा त्या मार्चमधला नियम होता. भार्गवीनं शनिवारची अकरा वीसची वेळ घेतली होती. दुसरं गिऱ्हाईक कोण असेल याचा तिनं विचारही केला नव्हता. कशाला करायचा? डेल्फ्टमधल्या कालव्याकाठच्या त्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात येऊन येऊन येणार कोण — खिशात रेकॉर्ड पुसायचा स्वतःचा ब्रश घेऊन आलेले एखादे डच आजोबा, नाहीतर त्यांचेच मित्र.

त्या दिवशी मात्र आत एक उंच, पाठमोरा मुलगा उभा होता. निळ्या रेनकोटावरून पाणी ठिबकत होतं. आणि त्याचे दोन्ही हात थेट तिच्या खोक्यात होते.

तिच्या म्हणजे तिनं काही ते विकत घेतलेलं नव्हतं. पण गेले सहा महिने त्या खोक्याला तिच्याशिवाय कुणी विचारत नव्हतं, तेव्हा हक्क तिचाच, असं तिचं मत होतं, आणि भार्गवीची मतं सहसा पक्की असत. दुकानाचे मालक योप, सत्तरीच्या घरातले. त्यांनी त्या खोक्यावर जाड पेननं 'नामाक' असं लिहून ठेवलं होतं. डच भाषेत नामाक म्हणजे नक्कल. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत सोल संगीताची चलती होती, तेव्हा एखाद्या बड्या कंपनीचं गाणं गाजलं की गल्लीबोळातल्या छोट्या कंपन्या महिन्याभरात तस्संच दुसरं गाणं काढायच्या. तोच ड्रमचा ठेका, तीच ट्रम्पेटची फेक, तोच वेग. शब्द तेवढे बदललेले, आणि गायला कुणीतरी नवखी. त्यातली बहुतेक गाणी आपटायची. पन्नास वर्षांनी ती अशी कुठल्या कुठल्या खोक्यांत निघतात, आणि भार्गवीसारखी एखादी वेडी त्यांच्यापायी पावसात सायकल हाणत येते.

मुलानं एक रेकॉर्ड ओढून काढली. जुनं कागदी कव्हर टर्रकन फाटलं.

"मेलो," तो पुटपुटला. चक्क मराठीत.

"मेला नाहीत," भार्गवी मागून म्हणाली. "कव्हर फाटलंय फक्त."

तो गर्रकन वळला. नाकातोंडावर मास्क, त्यामुळे दिसत होते ते फक्त डोळे — आधी दचकलेले, मग ओशाळलेले, आणि मग हसरे. त्या वर्षी सगळ्यांना डोळ्यांनीच हसावं लागत होतं, आणि बऱ्याच जणांना ते जमत नसे. याला जमत होतं. भार्गवीनं ते लगेच टिपलं, आणि उगाचच शेजारच्या खोक्यात हात घातला.

फाटक्या कव्हरात डोरीन टिल्स होती. भार्गवी दोन महिने जिच्या मागावर होती तीच ही गायिका, आणि योपनी सकाळीच खास तिच्यासाठी ती रेकॉर्ड खोक्यात ठेवली होती. मुलगा म्हणाला, त्याला ही नकोच होती. डोरीनच्या कंपनीनं ज्या गाण्याची नक्कल केली, ते मूळ गाजलेलं गाणं घ्यायला तो आला होता. ते त्याला मिळालंही होतं. नकला तो ऐकत नसे.

हे असलं काही भार्गवीसमोर बोलायचं नसतं, हे त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तिनं योपना दोन्ही रेकॉर्ड एकामागोमाग लावायला सांगितल्या. योपनाही तेच हवं होतं. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं.

आधी मूळ गाणं वाजलं, मग डोरीन.

"ही तर सरळसरळ कॉपी आहे," तो म्हणाला.

"आहेच."

"मग?"

"दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबा."

तो थांबला. दुसऱ्या कडव्यापर्यंत डोरीन अगदी शहाण्या मुलीसारखी मूळ गायिकेच्या पावलांवर पाऊल टाकत होती. श्वाससुद्धा तिथेच घेत होती. आणि मग एका साध्या शब्दावर ती रेंगाळली, ठेक्याच्या मागे पडली, जराशी हसली, आणि तिथून पुढे ते गाणं दुसऱ्या कुणाचं राहिलंच नाही.

"हिला माइकपुढे उभं करून सांगितलं असणार, तिच्यासारखं गा," भार्गवी म्हणाली. "ही गाते, गाते... आणि मग हिला आठवतं की आपल्यालाही गळा आहे. मला ती जागा आवडते. मूळ गाण्यात ती नसते. तिथे कुणी अडवलेलंच नसतं ना."

रेकॉर्ड संपली तरी तो फिरत्या तबकडीकडे बघत राहिला, आणि मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ. योपनी खाकरून घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं संपली होती, आणि पुढची दोन गिऱ्हाइकं बाहेर रिमझिमीत उभी होती.

"कॉफी घेणार?" त्यानं बाहेर आल्यावर विचारलं. कॅफे बंदच होते, पण खिडकीतून कागदी कप मिळायचा. मग कालव्याकाठच्या बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये नियमाप्रमाणे दीड मीटर. मास्क उतरल्यावर त्याचं तोंड डोळ्यांना शोभेसं निघालं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. नाव विचारलं तर म्हणाला, मोरेश्वर.

"खरं सांगा."

"खरंच मोरेश्वर. आजोबांचं नाव. चिंचवडचे आम्ही. ऑफिसात सगळे मो म्हणतात."

मी नाही म्हणणार मो, असं तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं. इतकं भारदस्त नाव असताना ते कापायचं कशाला? तो हसला. त्याचं एमएस इथलंच, डेल्फ्टचं. आता चार वर्षं फेल्डहोवनला, चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत होता. चिपवर एकावर एक थर छापतात. दुसरा थर पहिल्याच्या अगदी डोक्यावर बसला पाहिजे, केसाच्या हजाराव्या भागाइतकाही सरकता कामा नये, आणि तो सरकत नाही ना हे बघणं हेच त्याचं काम. भार्गवी ठाण्याची, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. तिचा विषय पवनचक्क्यांचा आवाज. पाती फिरताना कशी घुमतात, आजूबाजूच्या घरांना त्याचा त्रास का होतो, ते ती मायक्रोफोन लावून मोजायची. कान तिचा इतका तयार झाला होता की घरातला फ्रिज आज नेहमीपेक्षा बारीक आवाजात बोलतोय, हेही तिला कळे.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. रेकॉर्ड घ्यायला नव्हे.

त्या दिवसांत घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा, बाहेरही दोघांपेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही, आणि रात्री नऊला संचारबंदी. प्रेमात पडणाऱ्यांची सरकारनं इतकी काळजी कधीच घेतली नसेल. तिसरं माणूस नाही, गर्दी नाही, आणि सातच्या ट्रेननं त्यानं निघालंच पाहिजे, म्हणजे बोलणं नेहमी अर्ध्यावर सुटणार आणि आठवडाभर पुरणार. फेल्डहोवनहून डेल्फ्ट म्हणजे बस, मग ट्रेन, मग भाड्याची सायकल. तो यायचा, आणि त्याच्याकडे सगळं ठरलेलं असायचं. थर्मासात गवती चहा घातलेला चहा. बांधाच्या आडोशाची एक जागा, जिथे वारा लागत नाही आणि ऊन मात्र अंगावर येतं. एका बेकरीतला सफरचंदाचा पाय, जो दुपारी तीनला गरम मिळतो, आधी नाही, नंतर नाही. तीन वर्षं या गावात राहून भार्गवीला यातलं एक ठिकाण माहीत नव्हतं.

"तुला सगळं बरोबर कसं माहीत असतं?" तिनं एकदा विचारलं. 'तुम्ही' केव्हाच मागे पडलं होतं.

"अभ्यास," तो म्हणाला, आणि चहा ओतत राहिला.

तिसऱ्या शनिवारी त्यानं तिचा हात धरला. बांधावरून उतरताना, पाय घसरेल असं वाटणाऱ्या नेमक्या पायरीवर... आणि मग सोडला नाही. तिला वाटलं, किती सहज करतो हा सगळं. तिचं आपलं ततपप होत होतं, सायकलच्या किल्ल्या सापडत नव्हत्या, आणि हा मात्र निवांत. बाई गं, प्रेमात पडावं तर असं, असं तिनं घरी येऊन सुनेत्राला सांगितलं. सुनेत्रा तिच्याच घरातल्या शेजारच्या खोलीत राहायची आणि गेल्या वर्षभरात दुसऱ्या माणसाचं म्हणून तिनं एवढंच प्रेम पाहिलं होतं, त्यामुळे ती प्रत्येक शनिवारची हकीकत सव्याज वसूल करायची.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी जाताना त्यानं तिच्या फोनवर सोळा गाण्यांची प्लेलिस्ट पाठवली. सगळी सोल, सगळी अस्सल. त्याच क्रमानं ऐक, म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

ईस्टरच्या सोमवारी सुट्टी होती. बाहेर एप्रिलात गारा पडत होत्या. भार्गवी पांघरूण घेऊन खिडकीत बसली आणि हेडफोन लावले. पहिली दोन गाणी तिनं डोळे मिटून ऐकली. तिसऱ्या गाण्यात कुणीतरी आपल्या प्रेयसीला सांगत होता, ढग गडगडले तरी भिऊ नकोस, मी आहे. भार्गवीला हसू आलं. ती तर वादळ आलं की मायक्रोफोन घेऊन बाहेर पळणारी. सातव्या गाण्यात लांब केसांचं कौतुक होतं. तिनं पहिल्या लॉकडाउनात स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापले होते केस, ते अजून कानाखाली उतरले नव्हते. अकराव्यात तो म्हणत होता, वर्गात तुझ्या मागच्या बाकावर बसून मी काय शिकलो, देव जाणे. सोळावं गाणं वाजलं तोवर तिनं पांघरूण बाजूला सारलं होतं. क्रम सुंदर होता. एक गाणं दुसऱ्याच्या हातात हात घालून येत होतं. पण ते सगळं दुसरीच्या मापानं शिवलेल्या ब्लाउजसारखं होतं. खांद्यात सैल, दंडात घट्ट.

आणि मग थर्मास, बांध, बेकरी, ती घसरायची पायरी... एकेक करून सगळं तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. नकला ओळखण्यात जिचा हात कुणी धरला नसता, तिला महिनाभर कळलं नाही. याचा राग जास्त आला की मोरेश्वरचा, हे तिला सांगता आलं नसतं. ती थोडी रडली. मग नाक शिंकरलं, खिचडी टाकली, जेवली, आणि त्याला व्हिडिओ कॉल केला. उपाशीपोटी भांडायचं नाही, हा तिचा नियम होता.

"ही प्लेलिस्ट कुणासाठी केली होतीस?"

तो खोटं बोलू शकला असता. दोन-चार सेकंद तसा विचारही त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेला. मग तो म्हणाला, "अस्मितासाठी. दोन हजार सोळा साली."

अस्मिता त्याच्या वर्गात होती. चार वर्षं दोघं बरोबर होते. मग तिला व्हँकूव्हरला नोकरी लागली आणि ती गेली. चहाही तिचा? हो. बांध? हो. बेकरी? तो मान खाली घालून हो म्हणत गेला. सफाई म्हणून एवढंच म्हणाला की त्याला दुसरं काही येतच नाही. जे एकदा जमून आलं होतं तेच त्यानं नीट, जसंच्या तसं केलं, कारण या वेळी त्याला काही बिघडवायचं नव्हतं.

"जमून आलं होतं?" भार्गवी म्हणाली. "ती गेली, मोरेश्वर."

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तिलाही ते बोलून बरं वाटलं नाही, पण बोलणं भाग होतं. मग ती शांतपणे बोलली, आणि तिचा शांत आवाज तिच्या चिडलेल्या आवाजापेक्षा जड होता.

"तुझं आधी कुणावर प्रेम होतं याचं मला काही नाही. तिशी आली आपली, कुणाचं नव्हतं? पण मला एक सांग. या महिन्याभरात फक्त माझ्यासाठी म्हणून काय केलंस?"

तो खरोखर आठवत होता, हे तिला दिसत होतं, आणि त्याला काही आठवत नव्हतं, हेही. तिनं डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. म्हणाली, मला तू हवा आहेस. पण तुला मी हवी आहे की तिच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी बसायला हवंय, ते तुलाच ठाऊक नाही. ते कळेपर्यंत येऊ नकोस.

तिनं फोन ठेवला, आणि मग मात्र उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडली.

तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता सुनेत्रानं विचारलंच. अगं, तुला तर नकलाच आवडतात. त्या डोरीनसाठी जीव टाकतेस, आणि हा एवढा मेहनतीनं जुनं गाणं पुन्हा म्हणतोय तर त्याला हाकलतेस. भार्गवीनं सुरी खाली ठेवली. हा प्रश्न तिनं स्वतःला रात्रंदिवस विचारला होता.

"डोरीनला माहीत होतं ती कुणाच्या गाण्यावर उभी आहे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

सुनेत्रानं कांदा घेतला, म्हणजे दोघींच्या डोळ्यांना काहीतरी कारण झालं.

पुढचा शनिवार गेला. त्याच्या पुढचाही. मोरेश्वरचा मेसेज नाही, फोन नाही. शब्द पाळण्यात पठ्ठ्या पक्का होता, आणि भार्गवीला आता त्याचाच राग येऊ लागला होता. येऊ नकोस म्हटलं म्हणजे अगदीच येऊ नये? पण ती झुकली नाही. आपण मागितलंय ते जास्त नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रस्त्यात निळा रेनकोट दिसला की मात्र तिची सायकल आपोआप हळू व्हायची, त्याला ती काय करणार? तिसरा शनिवार गेला तेव्हा तिनं स्वतःशी मान्य केलं की हा आता येत नाही. त्याला कळलं असेल. आणि जे कळलं ते आपल्याला नको असलेलं असेल.

एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला, बुधवारी, देश उघडला. संचारबंदी उठली, दुकानांत आधी वेळ ठरवावी लागेना, आणि बारा वाजता गावातल्या चौकात खुर्च्या मांडल्या गेल्या. चांगलीच थंडी होती, तरी लोक पांघरुणं घेऊन बिअर प्यायला बसले. भार्गवी तिकडे फिरकली नाही. ती गावाबाहेर, कुरणाच्या कडेला, एका एकट्या पवनचक्कीखाली घडीच्या खुर्चीवर बसली होती. गवतात चार मायक्रोफोन, मांडीवर लॅपटॉप. तिला वीस मिनिटांची सलग नोंद हवी होती, आणि त्यासाठी वीस मिनिटं कुणी खोकायचंसुद्धा नाही.

सहावं मिनिट चालू होतं, तेव्हा वाटेवर एक भाड्याची सायकल दिसली.

तिनं आधी ओळखलं नाही, कारण रेनकोट नव्हता. मग ओळखलं. तो पंधरा-वीस पावलांवर थांबला, तोंड उघडलं... आणि तिनं बोट ओठांवर ठेवलं. मग मायक्रोफोनकडे दाखवलं. मग दोन्ही पंजे उघडून मिटून, वर चार बोटं. चौदा मिनिटं.

त्यानं मान डोलावली. सायकल स्टँडवर लावली आणि हात खिशात घालून उभा राहिला.

आता ती चौदा मिनिटं कशी गेली हे भार्गवीला विचारू नका. ती पडद्यावरच्या रेघांकडे बघत होती आणि एकही रेघ दिसत नव्हती. डोक्यावर पाती फिरत होती — घूंम... घूंम... — आणि आपलं काळीज त्याहून मोठ्यानं वाजतंय, ते या चार मायक्रोफोनांत नक्की शिरणार, अशी तिची खात्री झाली होती. तो कुडकुडत होता. दाढी वाढली होती. थर्मास नव्हता, पिशवी नव्हती, हातात काहीच नव्हतं. मध्येच त्यानं वर पात्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नजर तिथेच राहिली. तिनंही मग पडद्याचा नाद सोडला.

एकोणिसाव्या मिनिटाला वाऱ्याचा एक झोत आला आणि सायकल धाडकन आडवी झाली. घंटी वाजली, चाक फिरत राहिलं.

मोरेश्वरचा चेहरा असा झाला की भार्गवी हसत सुटली. केसाच्या हजाराव्या भागाचा हिशोब ठेवणारा माणूस, आणि त्याला सायकल वाऱ्याच्या बाजूला लावायची नाही एवढं कळू नये! तिनं बटण दाबून नोंद थांबवली. वीस मिनिटं पाण्यात गेली होती आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

"मी सुनेत्राला फोन केला," तो म्हणाला. "तिनं पत्ता दिला. म्हणाली, गेलास तर रिकाम्या हातानं जा."

"आणि काय बोलायचं तेही सांगितलं का तिनं?"

"नाही. ते मी ट्रेनमध्ये लिहून काढलं होतं. रॉटरडॅम येईपर्यंत पानभर झालं... मग वाचलं, तर फार छान जमलं होतं. फाडून टाकलं."

तो तिच्यापासून दोन पावलांवर येऊन थांबला.

"ती गेली ना, भार्गवी, तेव्हा तिनं विमानतळावरून फोन केला होता. मी घरी होतो. ट्रेननं दीड तास. मी म्हटलं, नीट जा, पोचलीस की कळव." त्यानं खिशातले हात बाहेर काढले. "मी गेलोच नाही तिच्या मागे. तिचं ठरलंय, मग आपण काय करणार, असं म्हणून मी घरात बसून राहिलो. गेले तीन आठवडेही तसाच बसलो होतो. तू नको म्हणालीस, मग नको. काल मला कळलं, की माझ्याकडे जे काही होतं, जे मला येत होतं, ते सगळं तिथे संपतं. यापुढचं मला काहीच माहीत नाही. इथपर्यंत मी कधी आलोच नव्हतो."

वारा होता, आणि वर पाती घुमत होती, आणि आडव्या सायकलचं चाक अजून अधूनमधून हलत होतं. भार्गवी उठून उभी राहिली. तिला त्याच्या बोलण्यात कुठे शिवण दिसते का ते पाहायचं होतं. तिचा कान तिला कधी फसवत नसे, आणि हा आवाज तिनं आधी ऐकलेला नव्हता. त्यानंही नसावा.

"मग आलास कशाला?"

"तू हवी आहेस म्हणून. तिच्या जागी नाही. तिची जागा आहे तिथे राहू दे. तू... तुझं कुठे काय असतं, ते मला माहीत नाही. तू सांगितलंस तर कळेल. चुकलो तर ओरड."

"ओरडणारच आहे," ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. एकाच वेळी दोन्ही करणं तिला शोभून दिसे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "मला चहा आवडत नाही, मोरेश्वर. गवती चहा घातलेला तर मुळीच नाही. चार शनिवार तुझ्या तोंडाकडे बघून प्यायले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतका आवडत होतास की सांगवेना."

हे बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली, पण शब्द मागे घेतला नाही. मागे घ्यायची तिला सवय नव्हती. तो दोन हात पुढे करून, नेमकं काय करायचं ते न सुचल्यासारखा, अर्धवट उभा राहिला. शेवटी तीच पुढे झाली आणि त्याच्या गार झालेल्या शर्टावर कपाळ टेकवून उभी राहिली. त्याची हनुवटी तिच्या डोक्यावर आपटली, दोघांनाही लागलं, आणि दोघंही हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं तिला काम आठवलं. वारा हवा तसा होता आणि तो संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. वीस मिनिटं पुन्हा घ्यावी लागणार होती.

"गप्प बसशील?"

"बसतो."

त्यानं सायकल गवतात आडवीच ठेवली आणि तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसकण मारली. भार्गवीनं वही काढली. दर नोंदीआधी वेळ, वाऱ्याचा वेग, तापमान लिहावं लागे, आणि शेवटच्या रकान्यात मोजमापाच्या जागी किती माणसं हजर आहेत ते. साथ सुरू झाल्यापासून वर्षभर त्या रकान्यात ती प्रत्येक वेळी 'एक' लिहीत आली होती. तिनं 'दोन' लिहिलं, वही मिटली आणि बटण दाबलं.